तिसरा टर्बोही ऑइल मारतोय: इनटेकमध्ये येणाऱ्या ऑइलचं मूळ कसं शोधायचं

गळीत हंगाम ऐन भरात होता. जानेवारीतल्या एका सकाळी पलूसकडची एक दहाचाकी गाडी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. ऊस वाहणारी गाडी, मागच्या फाळक्यात अजून पाचट अडकलेलं. मालक स्वतः चालवत होते. इंजिन बंद करायच्या आधीच खिडकीतून म्हणाले, "मिस्त्री, तिसरा टर्बो हाय ह्यो. दोन बदलून झाले, ह्यो पण ऑइल मारतोय. अजून किती घालू?"

टर्बो म्हणजे एका शाफ्टवरचे दोन पंखे: एक इंजिनाच्या धुराने फिरतो आणि दुसरा त्या जोरावर इंजिनात दाबून हवा भरतो. या गाडीला आठवड्याला चार लिटर ऑइल टॉप-अप लागत होतं. खाली थेंब पडत नव्हता. रेडिएटरच्या पाण्यावर तवंग नव्हता. इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा, खालचा पाइप काढला तर कपभर काळं ऑइल बदाबदा जमिनीवर आलं. आधीच्या दोन्ही ठिकाणी हेच बघून 'टर्बोचं सील गेलं' असा निकाल दिला होता आणि टर्बो बदलून दिला होता. दोन्ही वेळा पंधरा-वीस दिवस बरे गेले आणि मग पुन्हा तेच.

अशा गाड्या दर हंगामात माझ्याकडे येतात. सांगली, मिरज, तासगाव, जत, कराड अशा सगळ्या बाजूंनी येतात आणि बहुतेकांच्या केबिनमध्ये सीटखाली जुना टर्बो गोणपाटात गुंडाळून ठेवलेला असतो. त्यातले निम्म्याहून जास्त टर्बो मी उघडून बघितले आहेत आणि ते चांगले निघाले आहेत. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. वाचून गाडीमालकाला निदान मिस्त्रीला नेमके प्रश्न विचारता यावेत आणि नवीन पोरांनी टर्बोला पाना लावायच्या आधी कुठं कुठं बघायचं ते त्यांना कळावं.

आधी हे ठरवा: ऑइल आहे की ओलसरपणा आहे

टर्बोच्या तोंडाचा रबरी पाइप काढून आत बोट फिरवलं की बोट काळं होतं, आणि लगेच आरडाओरडा सुरू होतो. तेवढ्यावरून काही ठरत नाही. ज्या इंजिनात ब्रीदरचा (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारा) पाइप एअर फिल्टरच्या पुढे, टर्बोच्या तोंडाशी जोडलेला असतो, त्या इंजिनात क्रँककेसमधली, म्हणजे त्या पोटातली, ऑइलची वाफ रोज थोडीथोडी आत ओढली जाते. त्यामुळे पाइपाच्या आतून पातळसा थर बसणारच. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा (धुराच्या प्रदूषणाच्या कडक नियमांतल्या) गाड्यांत ही वाफ बाहेर न सोडता बहुतेक वेळा आतच फिरवलेली असते, मधे ऑइल वेगळं करणारा सेपरेटर असतो. अशा गाडीत पाइप आतून चकाकत असेल पण वाकडा केल्यावर थेंब गळत नसेल, तर पुढे जा आणि दुसरं काम करा.

इंटरकूलरच्या सगळ्यात खालच्या टोकाला ऑइल साठलेलं असेल, पाइपाच्या जोडातून बाहेर ओघळ आलेले असतील, सकाळी स्टार्ट केल्यावर निळसर-पांढरा धूर सुटत असेल आणि डिपस्टिकवर लेव्हल भराभर उतरत असेल, तर मात्र दुखणं खरं आहे.

आणि ते खरं असेल तर गाडी तशीच फिरवू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतो. डिझेल इंजिनाला जळायला डिझेलच लागतं असं नाही. इंटरकूलरमध्ये साठलेलं ऑइल चढावर एकदम आत ओढलं गेलं की इंजिन त्या ऑइलवर चालायला लागतं. मग किल्ली बंद करा, पंप बंद करा, ते थांबत नाही, कारण त्याला तुमच्या डिझेलची गरजच उरलेली नसते. रेस आपोआप चढत जाते आणि शेवटी कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. गाडीत बसलेले असाल तर पाय ब्रेकवर पूर्ण दाबून, हँडब्रेक लावून, टॉप गिअर टाकून क्लच झटकन सोडायचा, म्हणजे इंजिन दाबून बंद पडतं. खाली उभे असाल तर हवेचं तोंड बंद करायचं, तेही लाकडी फळीने किंवा जाड सपाट वस्तूने. हाताने कधीच नाही, फडक्यानेही नाही. फडकं आत ओढलं जातं आणि हात गेला तर बोटं जातात. आणि रेस हाताबाहेर गेलेली दिसली तर इंजिनाजवळ थांबायचंच नाही, लांब पळायचं.

टर्बोत रबरी सील नसतं

ही एक गोष्ट नीट समजली तर पुढचं सगळं आपोआप उलगडतं. आपण क्रँकचं सील, हबचं सील बघितलेलं असतं, म्हणून टर्बोतही तसंच काहीतरी रबरी कडं असेल असं वाटतं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या आसपास फिरतो आणि त्याच्या एका टोकाला सहाशे-सातशे अंशांचा धूर लागतो. तिथं रबर टिकणार कसं? आत असतात त्या पिस्टनच्या रिंगेसारख्या बारीक लोखंडी रिंगा. त्या शाफ्टला घट्ट चिकटून बसत नाहीत. बारीक फट राहतेच.

मग ऑइल अडतं कशाने? हवेने. पंख्यांच्या मागे बाहेरच्या बाजूने हवेचा दाब असतो, तो रिंगेतून आत, बेअरिंगच्या घराकडे ढकलत असतो. आणि बेअरिंगच्या घरात आलेलं ऑइल तिथं न थांबता लगेच खाली निघून जात असतं. या दोन गोष्टी चालू आहेत तोवर नवा काय, जुना टर्बोही ऑइल सोडत नाही. यातली एक बिघडली की कोरा टर्बो पहिल्या दिवसापासून ऑइल सोडतो.

याचा अर्थ शोधायच्या जागा दोनच: पंख्याकडे दाब कमी का झाला, किंवा ऑइल खाली जायचं का थांबलं. टर्बो स्वतः झिजलेला असणं हे तिसरं कारण, आणि ते मी शेवटी ठेवतो.

ओल कुठून सुरू होते ते बघा

पाइप, टर्बोचं तोंड, इंटरकूलर सगळं एकदा स्वच्छ धुऊन, कोरडं करून गाडी दोनशे-एक किलोमीटर चालवायची आणि मग उघडायचं. आधीचीच घाण बघून निदान करू नका; त्यातून काहीच कळत नाही.

टर्बोच्या आधीचा, म्हणजे एअर फिल्टरकडून येणारा पाइप ओला असेल तर टर्बोला हात लावू नका. ऑइल मागून येतंय. ब्रीदर बघा. जुन्या गाडीत ऑइल भरायचा एअर क्लीनर असेल तर त्यात खुणेच्या वर ऑइल भरलंय का बघा. कुणीतरी प्रेमाने अर्धा लिटर जास्त ओतलेलं असतं.

आधीचा पाइप कोरडा आणि टर्बोच्या पुढचा ओला असेल तर ऑइल टर्बोच्या हवेकडच्या बाजूने निघतंय. इथून पुढचं सगळं या प्रकाराबद्दल आहे. पलूसची गाडी याच प्रकारातली होती.

आणि एक्झॉस्टच्या बाजूला टर्बोच्या आधीच, म्हणजे मॅनिफोल्डच्या तोंडांत, ओलं काळं ऑइल दिसत असेल तर ते इंजिनातून येतंय: रिंगा, व्हॉल्व्ह गाइड. टर्बो तिथं निर्दोष आहे.

एअर फिल्टर

आपल्याकडे हे कारण सगळ्यात जास्त आढळतं आणि सगळ्यात स्वस्तात सुटतं. उसाच्या फडात गाडी घालायची तर रस्ता मातीचा, पुढे ट्रॅक्टर, त्याच्या मागे धुरळा, वरून पाचटाचा भुसा. फिल्टर पंधरा दिवसांत भरतो. तो भरला की इंजिनाची ओढ तेवढीच राहते, हवा कमी येते, आणि टर्बोच्या पंख्यामागे दाबाच्या जागी ओढ तयार होते. ती ओढ रिंगेतून ऑइल बाहेर खेचते.

फिल्टरच्या घरावर लाल पट्टी दाखवणारा इंडिकेटर असतो. तो साधारण २५ इंच पाण्याच्या ओढीला लाल होतो. बऱ्याच गाड्यांवर तो तुटलेला तरी असतो किंवा धुळीने गच्च झालेला. नवा बसवा, फार महाग नाही. बाहेरचा फिल्टर झटकायचा असेल तर आतून बाहेर आणि दोन-अडीच किलो दाबाच्या वर हवा न मारता. टायरवाल्याकडची आठ किलोची हवा जवळून मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि मग धूळ सरळ टर्बोच्या पंख्यावर. आतला छोटा फिल्टर कधीच झटकायचा नाही, तो फक्त बदलायचा.

फिल्टरनंतरचा रबरी होजही दाबून बघा. काही होज बाहेरून धडधाकट असतात आणि आतला थर सुटलेला असतो. गाडी उभी असताना सगळं ठीक, रेस वाढली की आतला थर चिकटून तोंड बंद होतं. एका तासगावच्या गाडीत फिल्टर तीनदा बदलला होता, दोष होजमध्ये होता. मी तो कापून उघडला तेव्हा मालकांना पटलं.

ड्रेन पाइप

टर्बोला ऑइल येतं तो पाइप करंगळीपेक्षा बारीक आणि परत जातो तो अंगठ्याएवढा. कधी विचार केलाय का, असं का? येणारं ऑइल पंपाच्या तीन-चार किलोच्या दाबाने येतं. जाणाऱ्या ऑइलच्या मागे काहीच दाब नाही, ते फक्त स्वतःच्या वजनाने उतरतं. शिवाय लाखभर फेऱ्यांनी घुसळलेलं ऑइल फेसाळतं, ताक घुसळल्यासारखं, आणि फेसाला वजन कमी. म्हणून त्याला मोठी, सरळ, मोकळी वाट लागते. या वाटेत बारीकसा अडथळा आला तरी बेअरिंगचं घर भरतं आणि ऑइल दोन्ही बाजूंच्या रिंगांतून बाहेर पडतं.

मला सापडलेले अडथळे सांगतो. पॅकिंगला लावलेलं सिलिकॉन, जे दाबल्यावर आत फुगून निम्मं भोक बंद करतं. टर्बोच्या ऑइलच्या जोडांना कोरडं पॅकिंगच लावायचं, दुसरं काहीही नाही. दुसऱ्या मॉडेलचं पॅकिंग, ज्याचं भोक आडवं आणि टर्बोचं उभं. मूळ लोखंडी पाइप गळाला म्हणून त्याजागी घातलेला साधा रबरी पाइप, जो गरम झाला की मधे बसतो. थंड इंजिनावर तो सरळ दिसतो, म्हणून हे गाडी गरम असतानाच तपासायचं. आतून जळून बसलेलं ऑइल, कोळशासारखं. ते काढायला तार खुपसून भागत नाही, पाइप बदलावा.

आणि चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथं, जास्त ऑइल. 'कमी पडण्यापेक्षा दोन लिटर जास्त बरं' ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. ड्रेन पाइप चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर उघडायला हवा. पातळी वर चढून त्याचं तोंड ऑइलात बुडलं की वाट बंद. डिपस्टिक त्याच इंजिनाची आहे ना तेही बघा; तुटलेल्याच्या जागी दुसऱ्या गाडीची घातलेली डिपस्टिक मी एकदा नव्हे, अनेकदा बघितली आहे. शंका असेल तर ऑइल बदलताना मोजून भरा, पाच मिनिटं थांबा आणि डिपस्टिकवर स्वतः खूण करा.

पलूसच्या गाडीचा ड्रेन पाइप काढला. स्वच्छ. उतार सरळ. पॅकिंग बरोबर. ऑइल खुणेच्या मधोमध. फिल्टर हंगामाआधीच घातलेला, इंडिकेटर हिरवा. टर्बोच्या शाफ्टचा प्ले, म्हणजे हलायची ढिलाई, नव्यासारखा. मालक शेजारी उभे राहून प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघत होते.

बॅक कॉम्प्रेशन, आणि पाण्याची नळी

ड्रेनची वाट मोकळी असूनही ऑइल उतरत नसेल तर खालून कुणीतरी वर ढकलतंय. चेंबरमध्ये दाब तयार झाला आहे.

ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तिथून भसाभसा वाफ आली की सगळे म्हणतात, बॅक मारतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगांतून दाब खाली चेंबरमध्ये उतरतोय, हाफ इंजिन करा. मालकांचा चेहरा पडला, कारण हाफ इंजिन वर्षापूर्वीच झालं होतं, पिस्टन-लायनर नवे होते. मी त्यांना म्हटलं, "आण्णा, जरा दम धरा. आधी मोजूया."

मोजायला मी जे वापरतो ते गवंड्याच्या लेव्हलच्या पाइपासारखं आहे. पारदर्शक नळी, एका फळीवर यू आकारात ठोकलेली, दोन्ही बाजू मीटरभर उंच, म्हणजे पाणी उसळून इंजिनात जाणार नाही. निम्म्यापर्यंत पाणी. एक टोक उघडं. दुसरं टोक ऑइलच्या जुन्या झाकणाला भोक पाडून बसवलेल्या निपलला. डिपस्टिकच्या नळीला जोडू नका. काही इंजिनांत ती नळी ऑइलात बुडलेली असते आणि खोटं माप देते. इंजिन गरम करायचं, रेस वाढवायची आणि दोन्ही बाजूंच्या पाण्यात किती फरक पडतो ते बघायचं. कंपनीच्या पुस्तकात त्या इंजिनाची मर्यादा दिलेली असते. माझ्या पाहण्यात, सशक्त इंजिनात फरक बोटा-दोन बोटांच्या आत राहतो.

या गाडीत पाणी जवळजवळ अर्धी वीत चढलं. ऐकायला थोडं वाटतं. पण फेसाळलेलं ऑइल पाण्याच्या निम्म्या वजनाचं असेल, तर त्याला अडवायला अर्ध्या वितीचं पाणी म्हणजे वीतभर उंचीचा फेस. टर्बो आणि चेंबर यांच्यामधली उंची तरी किती असते?

पहिल्यांदा ब्रीदर उघडला. आतली जाळी चिकट काळ्या गाळाने अर्धी भरलेली. डिझेलमध्ये धुतली, वाळवली, बसवली. पाणी थोडं उतरलं, पण फार नाही. म्हणजे ब्रीदर भरला होता हे खरं, पण वाफही नेहमीपेक्षा जास्त येत होती.

मग ती गोष्ट घडली, जिच्यासाठी मी नळी लावून नेहमी पाच-सात मिनिटं नुसता बघत बसतो. गाडी उभी असल्याने ब्रेकच्या हवेच्या टाक्या रिकाम्या होत्या, त्या भरत होत्या. साधारण आठ किलोला हवा पोचली आणि अनलोडर व्हॉल्व्हने फुस्स करून हवा सोडली. त्याच क्षणी नळीतलं पाणी सरकन खाली आलं आणि बोटभर फरकावर स्थिर राहिलं. मालकांना म्हटलं, ब्रेक दाबत राहा. आठ-दहा वेळा दाबल्यावर हवा उतरली, कॉम्प्रेसर पुन्हा भरायला लागला, आणि पाणी पुन्हा वर.

रिंगा दोषी असत्या तर हवेच्या टाकीशी त्यांचा संबंध काय? दोषी होता ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर. तो इंजिनाच्याच ऑइलवर चालतो आणि त्याचं ऑइल परत चेंबरमध्येच उतरतं. त्याच्या रिंगा गेल्या की तो दाबलेली हवा टाकीत कमी आणि चेंबरमध्ये जास्त पाठवतो. चेंबर फुगतं, ब्रीदरला ते झेपत नाही, टर्बोचं ऑइल खाली उतरत नाही आणि इंटरकूलरमध्ये निघतं.

खात्रीसाठी चाकांना ओंडके लावले, कॉम्प्रेसरचा टाकीकडे जाणारा पाइप सोडला आणि इंजिन थोडा वेळ चालवलं. दाबायला काही उरलंच नाही. पाणी बोटभरच राहिलं. टाकीचा कॉक खालून उघडला तर पाण्याबरोबर दुधट, चिकट ऑइल आलं. मालक म्हणाले, "ते तर सहा महिनं झालं येतंय. ड्रायर बी बदलला." ड्रायर म्हणजे टाकीकडे जाणाऱ्या हवेतलं पाणी काढणारा भाग. ही खूण सहा महिने समोर होती. ब्रेकवाला ब्रेकचं बघत होता, टर्बोवाला टर्बोचं, आणि दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं.

कॉम्प्रेसर उघडला. बोअरवर उभे ओरखडे, रिंगा नखाने वाकतील इतक्या पातळ. आता तो इतक्या लवकर का गेला, हेही शोधायला हवं होतं, नाहीतर नवा सहा महिन्यांत तसाच झाला असता. मागच्या एका ब्रेक चेंबरचा, म्हणजे हवेच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणाऱ्या डब्याचा, रबरी पडदा फाटला होता. त्यातून हवा सतत सुसू करत जात होती, म्हणून कॉम्प्रेसरला कधी विसावाच मिळत नव्हता. कारखान्याच्या गव्हाणीसमोर नंबरात सहा-सहा तास उभी असतानाही तो भरतच होता.

एका रबरी पडद्यापायी दोन टर्बो गेले होते, आणि दोन्ही चांगले होते.

नंबरात उभी गाडी आणि घाट

कारखान्यावर नंबर लागेपर्यंत इंजिन चालू ठेवायची सवय बहुतेक चालकांना आहे. दर दहा मिनिटांनी गाडी चार हात पुढे घ्यायची म्हणून बंद करत नाहीत. आयडलला टर्बो जेमतेम फिरतो, पंख्यामागे दाब नसल्यात जमा असतो, ऑइल मात्र येतच राहतं. सशक्त गाडीतही अशा वेळी थोडं ऑइल रिंगेतून सरकतं. नंबर सुटल्यावर पहिल्या रेसला निळा भपका निघतो तो याचाच. तो मिनिटभरात थांबत असेल तर टर्बो बदलायचं कारण नाही. पंधरा मिनिटांहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करा. बॅटरी आणि सेल्फ नीट ठेवा, म्हणजे बंद करायची भीती वाटणार नाही.

असंच कुंभार्ली किंवा खंबाटकी उतरताना होतं. पाय रेसवर नाही, गिअरमध्ये इंजिन जोरात फिरतंय, पण धुराला जोर नसल्याने टर्बो सुस्त. इंजिन त्याच्यातून हवा ओढतं आणि पंख्यामागे ओढ तयार होते. वर एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडी रोखणारा) लावला की धुराच्या बाजूला दाब वाढतो आणि तो रिंगांतून चेंबरकडे घुसतो. उतार संपल्यावरच धूर निघत असेल, तर व्हॉल्व्ह गाइड आणि टर्बो दोन्ही संशयित आहेत. इंटरकूलरचा पाइप उघडून ओला की कोरडा बघितलं की निवाडा होतो.

चढाचं वेगळं. घाट चढून वर चहाला थांबलात तर दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवा आणि मग बंद करा. तापलेल्या टर्बोत थांबलेलं ऑइल तिथंच जळतं, आणि तोच कोळसा पुढे ड्रेनमध्ये सापडतो.

टर्बो खरंच गेला असेल तर

तसंही होतं. शाफ्ट आत-बाहेर ढकलून बघा: हाताला हालचाल जाणवता कामा नये. वर-खाली किंचित हलणं ठीक आहे, तिथं ऑइलचा पडदा राहायची जागा असते. पण हलवल्यावर पंख्याचं पातं घराला टेकत असेल, घराच्या आतून घासल्याची चकचकीत रेघ असेल, पाती धुळीने खाल्लेली किंवा वाकलेली असतील, तर बदलायलाच हवा. अचूक माप डायल गेजनेच घ्यायचं आणि पुस्तकातल्या मर्यादेशी ताडायचं.

बदलताना एक काम बरेच जण टाळतात, इंटरकूलर धुणं. जुन्या टर्बोचं ऑइल आणि मोडलेल्या पात्याचे कण त्यातच पडून असतात. तो काढून डिझेलने दोनदा, मग गरम पाणी आणि साबणाने धुवा, उभा करून रात्रभर निथळू द्या आणि हवा मारून पूर्ण कोरडा करा. आत राहिलेलं डिझेल वा ऑइल पहिल्या स्टार्टला इंजिन पळवू शकतं, म्हणून इथं घाई नको. ऑइल आणि ऑइल फिल्टर त्याच वेळी बदला. टर्बोला ऑइल आणणारा फीड पाइप नवा घाला. जुन्यातला कोळसा नव्या बेअरिंगला उपाशी मारतो. बसवताना फीडच्या भोकात स्वच्छ ऑइल ओतून पंखा हाताने फिरवा, इंजिन स्टार्ट न करता ऑइलचा दाब येईपर्यंत सेल्फ मारा, आणि मग काही मिनिटं आयडलला. पहिल्या मिनिटात रेस दिलेला टर्बो पुन्हा माझ्याकडेच येतो.

बीएस-सहा गाडीत या सगळ्याला उशीर परवडत नाही. जळलेल्या ऑइलची राख धुराच्या फिल्टरमध्ये साठते आणि ती रीजनरेशनने, म्हणजे फिल्टर तापवून काजळी जाळतात त्याने, जळून जात नाही. टर्बोपेक्षा तो फिल्टर महाग पडतो.

पलूसच्या गाडीचं पुढे काय झालं

कॉम्प्रेसर नवा बसवला, ब्रेक चेंबरचा पडदा बदलला, टाक्यांतलं ऑइल काढलं, ड्रायरचं कार्ट्रिज घातलं, ब्रीदर साफ होताच. इंटरकूलर धुतला. टर्बो तोच ठेवला, तिसरा. मालकांना ते पटत नव्हतं. "इतकं खोललंय तर टर्बो बी घालूया की," म्हणाले. मी नको म्हटलं. नवा घातला असता आणि गाडी बरी झाली असती, तर कशाने बरी झाली हे दोघांनाही कधी कळलं नसतं.

नळी पुन्हा लावली. टाक्या भरत असताना बोटभर, भरल्यावर बोटभर.

तीन आठवड्यांनी गाडी परत बोलावली. ऑइल टॉप-अप केलेलं नव्हतं. इंटरकूलरचा खालचा पाइप मालकांनी स्वतः काढला, आत बोट घातलं आणि मला दाखवलं. बोटावर पातळ काळा डाग होता, थेंब नव्हता. हंगाम संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी टाकीचा कॉक उघडून बघा आणि दुधट पाणी दिसलं तर त्याच दिवशी फोन करा, एवढं त्यांना सांगितलं. जाताना त्यांनी सीटखालचे दोन्ही जुने टर्बो माझ्या टेबलावर ठेवले. ते मी साफ करून घेतले आहेत. प्ले नसलेला टर्बो हाताला कसा लागतो ते नवीन पोरांना दाखवायला आता ते वापरतो.